निकोलसची गाडी निघत नाही

खर्र-खर्र-खर्र-खर्र. टक.

"परत मार," एरॉलकाका म्हणाला.

खर्र-खर्र-खर्र. टक.

बेसिलने किल्लीवरचा हात काढला आणि घड्याळ पाहिले. निकोलसला, म्हणजे त्याच्या पप्पांना, जाऊन तीन महिने झाले होते. त्यांची गाडी भुईगावच्या अंगणात चिकूच्या झाडाखाली तेव्हापासून तशीच उभी होती. विरारचा जितेंद्र आज संध्याकाळपर्यंत ती न्यायला येणार होता. लग्नांना जुन्या गाड्या सजवून भाड्याने देणे हा त्याचा धंदा. अट एकच. "माझ्यासमोर चालू झाली पाहिजे. बंद गाडी मी नेत नाही."

बेसिलला ती द्यायची होती. दर रविवारी विरारच्या फ्लॅटमधून येऊन तो टपावरची पाने झाडायचा आणि दर रविवारी पप्पा नव्याने गेल्यासारखे वाटायचे.

सालोमीला, त्याच्या आईला, ती द्यायची नव्हती. तिने तसे एकदा सांगून पाहिले होते.

"राहू दे ना रे."

"आई, गंजून जाईल."

"गंजू दे. मी पण गंजतेच आहे."

सगळे हसले होते. त्यानंतर ती या विषयावर बोललीच नाही.

खर्र-खर्र. टक.

"बॅटरी," एरॉलने निदान केले. एरॉल हा निकोलसचा धाकटा भाऊ. तो वीस वर्षे कुवेतला होता. तिथे तो एसी दुरुस्त करायचा, पण गावाच्या लक्षात फक्त कुवेत राहिले होते. त्यामुळे इंजिनापासून गुडघेदुखीपर्यंत सगळे त्यालाच विचारायचे.

गल्लीच्या तोंडाशी नवी इमारत झाली होती. तिथे राहायला आलेले रत्नागिरीचे सुधाकर कुंपणावरून म्हणाले, "अहो, माझी गाडी आणतो ना! वायरी जोडा, दोन मिनिटांचं काम."

त्यांनी नवी कोरी गाडी आणून नाकाला नाक लावून उभी केली. एरॉल वायरी जोडता जोडता सुधाकरांना समजावत होता, "लालला लाल, काळ्याला काळी. इथेच लोक चुकतात बघा." आणि इथेच तो चुकला. नव्या गाडीतून चुर्र आवाज आला. आतल्या पडद्यावरची सगळी चित्रे एकदम पेटली आणि एकदम विझली.

आता अंगणात दोन बंद गाड्या होत्या.

"माझी चालू होती हो," सुधाकर हळूच म्हणाले.

एरॉलने भरपाई म्हणून आपल्या टेम्पोची बॅटरी काढून आणली आणि निकोलसच्या गाडीला बसवली. सुधाकर पाहत राहिले.

खर्र-खर्र-खर्र-खर्र-खर्र-खर्र! टक.

"बघ, जोर आला. म्हणजे बॅटरी नव्हतीच. प्लग सर्द झालेत. शेकावे लागतील."

स्वयंपाकघरात सालोमी तव्यावर सुके बोंबील भाजत होती. एरॉलने चार प्लग त्यांच्या शेजारी मांडले. ती चिमट्याने एकदा बोंबील उलटायची, एकदा प्लग.

"जास्त लाल नको होऊ देऊस, वहिनी."

"कोणते?"

प्लग बसवले. बोनेटखालून भाजलेल्या बोंबलांचा वास यायला लागला. सुधाकरांचे मांजर गाडीभोवती फिरू लागले. गाडी मात्र खर्र करून टक झाली.

एरॉल फुटबोर्डवर बसला. "वहिनी, आता तूच बस पुढे. निघताना वाकून नमो मरिया म्हणायचीस ना, तेच म्हण. औषध राहिलंय ते एकच."

डॅशबोर्डवर मारियामातेची बोटभर मूर्ती चिकटवलेली होती. मागच्या सीटवर बसून बेसिलने लहानपणापासून हेच पाहिले होते. पप्पा किल्लीला हात घालायचे, आई पुढे वाकायची, गाडी निघायची.

"मी नाही म्हणणार," सालोमी म्हणाली.

"का गं?"

"मारियामातेला कशाला मध्ये घालता? तिने काढलीय का गाडी विकायला?"

ती आत गेली. तवा जोरात आपटल्याचा आवाज आला.

मग राहिला धक्का.

बेसिल स्टिअरिंगवर, मागे एरॉल आणि सुधाकर. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली आणि अरुंद गल्लीत बरोबर आडवी अडकली. पुढे कुंपण, मागे कुंपण. त्याच क्षणी पलीकडून लग्नाला निघालेला बँडचा टेम्पो आला आणि थांबला. लाल कोटातली दहा माणसे खाली उतरली.

"कोणाची गाडी आहे रे?" पुढच्या क्लॅरोनेटवाल्या ज्युडने आवाज चढवला. मग त्याने नीट पाहिले आणि टोपी काढली. "निकोलसकाकांची?"

तीन महिन्यांपूर्वी याच गल्लीतून हाच बँड शवपेटीपुढे चालत गेला होता. तेव्हा कोट काळे होते.

"सगळे हात लावा," ज्युड म्हणाला. "ढोल्या, ठेका धर. एकदम जोर लागला पाहिजे."

ढोलवाल्याने टिपऱ्या उचलल्या. पण ही गाडी समोर असताना त्याच्या हातातून लग्नाचा ठेका निघेना. निघाला तो त्या दिवशीचाच. धम्म. थांबून पुन्हा धम्म. त्या ठेक्यावर दहा लाल कोटांनी गाडी आडवीची उभी केली आणि हळूहळू मागे अंगणाकडे ढकलत नेली. गल्लीतली दारे उघडली. बायकांनी डोक्यावर पदर घेऊन क्रूसाची खूण केली. कोण गेले ते कोणी विचारले नाही.

सालोमी दारात आली. मागच्या वेळी उभी राहिली होती तिथेच उभी राहिली.

नेमका तेव्हा मोटारसायकलवरून जितेंद्र पोहोचला. "काय बॉस, गाडी विकताय की पुरताय?" तो ओरडला आणि कोणीच हसले नाही तेव्हा खाली बघू लागला. त्याने स्वतः चारदा किल्ली मारली. चारदा टक.

"सॉरी काकू. चालू झाली तर फोन करा. तासाभरात नाही झाली, तर मी नालासोपाऱ्यातली दुसरी बघतो."

ज्युड लग्नाला गेला. एरॉल सुधाकरांची गाडी ओढायला माणूस शोधायला गेला आणि सुधाकर एरॉलवर नजर ठेवायला.

चर्चची संध्याकाळची घंटा झाली. बेसिल विहिरीवर हाताचे काळे धूत होता. घंटेनंतरची आईची नेहमीची प्रार्थना ऐकू येईना म्हणून तो वळला.

आई गाडीत होती. डावीकडच्या, तिच्या सीटवर. पुढे वाकलेली. डावा हात डॅशबोर्डखाली खुपसलेला, उजवा किल्लीकडे ताणलेला. किल्ली स्टिअरिंगच्या पलीकडे. वीतभर कमी पडत होते.

बेसिल पाहत राहिला. मूर्ती डॅशबोर्डच्या वर होती. आईचा हात खाली होता. नेहमी खालीच असायचा.

"आई, तिथे काय आहे?"

सालोमी दचकली, पण हात काढला नाही. "बटण."

"कसलं?"

"समोरच्यांची गाडी चोरीला गेली ना, तेव्हा पप्पांनी बसवलं. हे दाबून धरल्याशिवाय इंजिन लागत नाही."

"मग स्वतःच्या बाजूला का नाही बसवलं?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, तुला सोडून मला कुठे जायचंय?"

पप्पा एकटे असले की स्कूटर काढायचे. गाव त्यांना पेट्रोलचा कंजूस म्हणायचे. पप्पा नुसते हसायचे.

"आणि गेले बघ," सालोमी म्हणाली. "बँड लावून."

बेसिल खिडकीशी वाकला. "सकाळपासून तुला माहीत होतं?"

"मला कोणी विचारलं?" मग तीच म्हणाली, "विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. पण आता सगळे गेले, म्हटलं एकदा आवाज ऐकावा. तर हात पुरेना."

बेसिल दुसऱ्या बाजूने येऊन पप्पांच्या सीटवर बसला. त्याने किल्लीला हात घातला.

"दाब, आई."

खर्र-खर्र—

भर्रर्रर्रर्र.

चिकूवरचे कावळे उडाले. मारियामाता थरथरू लागली. काचेवरची पाने एकेक करून घसरली.

बेसिलचा फोन वाजला.

"जितेंद्र बोलतोय. झाली का चालू?"

"नाही हो," बेसिल मोठ्याने म्हणाला. "नाहीच होत."

"मग हा आवाज कसला?"

"हे... वाडीतलं इंजिन. केळींना पाणी सोडलंय."

"काय आवाज आहे राव! ते विकताय का?"

बेसिलने आईकडे पाहिले.

"नाही," तो म्हणाला. "ते नाही विकायचं."

त्याने फोन ठेवला. इंजिन लागले की बटण सोडून द्यायचे असते. सालोमीने ते अजून दाबूनच धरले होते.