हिंगणवाडीचे अकरा कोट

सुभेदार नानासो फौजेतून निवृत्त होऊन गावी आले आणि पहिल्याच ग्रामसभेत उठून उभे राहिले.

"हिंगणवाडीचा इतिहास मी गोळा करनार! घराघरातनं जुनं फोटो आना. नुसता चेहरा बघून खानदान सांगतो मी!"

चष्मा काढला की नानासोंना स्वतःची बायको आवाजावरून ओळखावी लागायची, पण ते असो.

फोटो आले. कुणी ट्रंकेतून काढले, कुणी देव्हाऱ्यामागून. एकाच्या चौकटीत तर पालीनं संसार थाटला होता! त्यातले अकरा फोटो म्हणजे नानासोंना खजिनाच वाटला. अकरा घरांतले अकरा आजोबा, सगळे खुर्चीत ताठ बसलेले, अंगात झोकदार कोट! नानासोंनी सांगलीहून फोटो मोठे करून आणले, शाळेच्या हॉलमध्ये टांगले आणि प्रत्येकाखाली स्वतःच्या अक्षरात माहिती लिहिली. स्वतःच्या आजोबांचा फोटो सगळ्यांत मोठा, ऐन दारात. खाली लिहिलं, 'कै. ज्योतिबा. गावात पहिला कोट घालणारा पुरुष.'

झालं! उद्घाटनाच्या दिवशी आकाराम पाटील दारातच अडला.

"पयला कोट? मग माझ्या आज्ज्याच्या अंगावर काय गोणपाट हाय व्हय रं?"

"थांब गड्या, पुराव्यानिशी दावतो," म्हणत नानासोंनी भिंग काढलं. आधी ज्योतिबा तपासला, मग आकारामचा आजोबा. आणि ते दचकलेच. तीच रुंद कॉलर, दुसरं बटण गायब, खिशावर कैरीएवढा काळा डाग!

अशा वेळी शहाणा माणूस भिंग खिशात घालतो. नानासो ओरडले, "आकाराम, ह्यो तर आमचाच कोट!"

"तुमचा? आमचा कोट शिमग्याला वाळत घातला हुता, तितनं गेला! आजी मरूस्तवर त्याच्या नावानं रडत हुती. आज चोर घावला!"

तेवढ्यात सरपंच दादासो आपल्या आजोबांपुढून किंचाळले, "आरं, डाग हितंबी हाय!"

पुढच्या दहा मिनिटांत हॉलमध्ये कोटाचे अकरा मालक झाले आणि प्रत्येकाला समोर दहा-दहा चोर दिसू लागले. कुणी कुणाची गचांडी धरली, कुणी चौकट डोक्यावर उगारली. दादासोंच्या संयोगिताचं आकारामच्या पृथ्वीराजशी लग्न ठरलं होतं. दादासोंनी भर हॉलमध्ये जाहीर केलं, "सुपारी मोडली! कोटचोराच्या घरात पोरगी द्यायची न्हाई!"

संयोगिता रडायला लागली. पृथ्वीराज नानासोंकडे असा बघत राहिला, की सीमेवर शत्रूनंही त्यांच्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. नानासोंनी शिट्टी फुंकली, पण लोकांना वाटलं, कबड्डी सुरू झाली!

अशात दाराशी रिक्षा थांबली. मूळ फोटोंच्या पाठीवर 'रमजान फोटोवाले, सांगली' असा शिक्का होता. नानासोंनीच शोधाशोध करून त्या रमजानभाईंच्या सुनेला, ऐंशी पार केलेल्या हाजराबींना, शाल-नारळासाठी बोलावलं होतं. म्हातारी काठी टेकत आत आली, भिंतीकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"या अल्ला! माझा कोट!"

"आली बारावी मालकीण," म्हणत नानासो बाकावर बसले.

"आवं, सासऱ्याकडं एकच कोट हुता," हाजराबी म्हणाल्या. "पेटीत घालून गावोगाव हिंडायचे. जाड्याला घट्ट, बारक्याला ढगळ. मग मीच त्यो पाटीमागनं उभा फाडला आन नाड्या लावल्या. म्होरनं सायेब, मागनं उघडा! डागबी माझ्याच पोरानं केलाय, काजळ सांडून."

दादासो आकारामकडे बघत म्हणाले, "म्हंजे तुमचा आज्जाबी मागनं उघडाच?"

"तुमच्यासारखाच!"

"मग शिमग्याला गेला त्यो कोट कुटला? चोरीच न्हाई, सुपारी कायम!"

सगळे खदाखदा हसले. संयोगितानं डोळे पुसले. नानासोंना धीर आला.

"चाची, पर त्यो कोट गावात पयला आमच्या आज्ज्यानंच घातला असंल न्हवं?"

हाजराबींनी दारातला फोटो निरखला.

"ह्यो तुमचा आज्जा न्हवं. ह्यो हळदीच्या पेठेतला हमाल. तुमचा आज्जा फोटो काडायच्या आदीच गेला. आजी रडत सांगलीला आमच्या घरी आलती. सासऱ्यांनी उरल्याल्या फोटोंची पेटी म्होरं ठिवली. तिनं ह्यो उचलला. म्हनाली, मिशी आशीच हुती, चालतंय."

नानासोंचा चेहरा कोटाच्या डागासारखा झाला. तीस वर्षं, रजा संपवून ड्यूटीवर निघताना, ते या हमालाला सॅल्यूट करून घराबाहेर पडले होते. सर्वपित्रीला खीर त्यालाच!

त्यांनी मुकाट्यानं दारातली चिठ्ठी काढली आणि नवी लावली, 'नाव: ठाऊक नाही. कोट: सगळ्यांचा.' मग वही घेऊन हाजराबींच्या पायाशी बसले आणि पहिल्यांदाच तोंड मिटून इतिहास लिहून घेऊ लागले.

संध्याकाळी घरी बायकोनं, अंबूबाईंनी, भिंतीवरच्या मूळ फोटोकडे बोट केलं. "आवं, मग ह्येचा हार काडू का?"

नानासोंनी मिशीवर आलेला हार सरळ केला.

"ऱ्हाऊ दे. इतकी वर्सं आपल्या घरचा निवद खाल्लाय त्यानं. आता 'तू कोन' म्हनून कुटल्या तोंडानं इचारायचं?"