नंबर ज्याचा, गाडी त्याची

१. प्रस्तावना

माणूस चेहऱ्यावरून ओळखला जातो आणि गाडी नंबरावरून. चेहरा बदलता येत नाही, हा निसर्गाचा ढिसाळपणा आहे. नंबरप्लेट बदलता येते. आणि बदलता येते म्हणून ती बदललीच पाहिजे, एवढं साधं तत्त्व वाहन कार्यालयाच्या नव्या योजनेमागे आहे.

जुन्या प्लेटांमध्ये काय वाईट होतं, असं काही जण विचारतात. काहीच नाही. त्या वाचता येत होत्या. नव्या प्लेटाही वाचता येतात, शिवाय चमकतात, शिवाय निघत नाहीत. न निघणं हा या प्लेटचा आत्मा आहे. ज्या खिळ्याने ती बसवतात तो एकदा ठोकला की आतल्या आत फुलतो, आणि मग प्लेट फोडल्याशिवाय सुटत नाही. प्लेट फोडणं हा गुन्हा आहे. (लग्नं लावतानाही लोक एवढी काळजी घेत नाहीत.)

२. कार्यपद्धती

पूर्वी एकेका गाडीची जुनी प्लेट काढून तिथल्या तिथे नवी बसवत. यात कारागिराला दर गाडीमागे आधी पाना आणि मग हातोडा हातात घ्यावा लागे. ही उधळपट्टी एका अभ्यासगटाने हेरली. आता सकाळी फक्त पान्याचं काम होतं आणि जेवणानंतर फक्त हातोड्याचं. सकाळी आवारातल्या सगळ्या गाड्यांच्या जुन्या प्लेटा उतरवून त्यांचा चुरा करतात. जेवणानंतर कारागीर नव्या प्लेटांची टोकनवार लावलेली चळत घेतो आणि पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत ठोकत जातो.

मधल्या वेळेत आवारातल्या एकाही गाडीला नंबर नसतो. कार्यालय या काळाला शून्यावस्था म्हणतं. (साधूंना ती गाठायला जन्म घालवावा लागतो, इथे टोकन घेतलं की झालं.)

गाडीच्या सांगाड्यावर खालच्या बाजूला एक क्रमांक कोरलेला असतो, तो पाहून मगच प्लेट ठोकावी, असं कुणीतरी सुचवलं होतं. पण त्यासाठी वाकावं लागतं, आणि कार्यपद्धतीत वाकण्याची तरतूद फक्त नागरिकांसाठी आहे.

हातोड्याची वेळ झाली की नागरिकांनी आतल्या दालनात पडद्यावर फिरणारं स्वतःचं टोकन पाहत बसायचं असतं. आवारात थांबता येत नाही. स्वतःच्या गाडीकडे टक लावून पाहणाऱ्या माणसामुळे कारागिराचा हात थरथरतो, असं आढळून आलेलं आहे.

योजनेबद्दल सत्त्याण्णव टक्के वाहनधारक समाधानी आहेत. उरलेल्या तीन टक्क्यांना वाहनधारक मानण्यात आलेलं नाही, त्यामुळे खरा आकडा शंभर धरावा.

३. (हे कलम तक्रारींविषयी होते. वगळले आहे.)

४. पडदेवाल्या ताई

आमच्याकडच्या निम्म्या खिडक्यांचे पडदे एकाच बाईंनी शिवलेले आहेत. त्यांना सगळे पडदेवाल्या ताई म्हणतात. लहानपणीच्या तापात त्यांचा उजवा पाय बारीक झाला तो तसाच राहिला. चालता येतं, पण गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत बसायला काहीतरी शोधावं लागतं. आणि धंदा असा, की गिऱ्हाईक खिडकी काखोटीला मारून दुकानात येऊ शकत नाही. मापाला ताईंनाच जावं लागतं.

म्हणून त्यांच्या धाकट्या भावाने, जो वेल्डर आहे, त्यांच्या स्कूटरला मागे दोन्ही अंगांना एकेक लहान चाक जोडून दिलं. पायाचा ब्रेक हातात आणला. कापडाचे गठ्ठे ठेवायला पुढे जाळी केली. स्कूटर तयार झाली त्या संध्याकाळी ताई घरात कुणालाही न सांगता बाहेर पडल्या आणि काही काम नसताना सगळीकडे हिंडून आल्या. (काही काम नसताना हिंडणे हा वाहनाचा मान्य उपयोग नाही. तरी नोंदवतो.)

५. वास

प्लेट बदलायच्या दिवशी ताईंची स्कूटर आवारातल्या रांगेत शेवटाला, कुंपणाच्या भिंतीपाशी उभी होती. अगदी पुढे, फाटकालगत, मैला उपसणारा टँकर होता. टँकरवाल्याला सगळे मामा म्हणतात. तो उजाडायच्या आत येऊन उभा राहिला होता, आणि लवकर येणाऱ्याला पुढची जागा मिळते हा नियम रद्द करायचं कार्यालयाकडून राहून गेलेलं आहे.

पाना फिरला, जुन्या प्लेटा उतरल्या. ऊन चढलं. टँकरने स्वतःची ओळख करून द्यायला सुरुवात केली.

"ओ मामा, रिकामा करून तरी आणायचा," पांढऱ्या मोटारीचे मालक नाकाला रुमाल लावून म्हणाले.

"रिकामाच आहे, साहेब."

"मग हा वास कसला?"

"तुमच्याच आठवणी आहेत."

रांगेने एकमताने ठरवलं की टँकर मागे भिंतीला लावावा. (रांग एकमताने ठरवू शकते अशा गोष्टी थोड्या आहेत; ही त्यातली एक.) भिंतीपाशी ताईंची स्कूटर होती. मोटारमालकांनी आणि आणखी एकाने ती उत्साहाने ढकलत टँकरच्या रिकाम्या जागी आणून लावली. "बघा ताई, तुमचा पहिला नंबर लागला," ते म्हणाले. ताईंनाही बरं वाटलं. आयुष्यात क्वचितच त्यांना कुणी पुढे ढकललं होतं.

मग सगळे आत दालनात गेले. कारागीर जेवून आला आणि त्याने चळतीतली पहिली प्लेट पहिल्या गाडीवर ठोकली. प्लेट टँकरची होती. स्कूटरच्या मानाने जरा रुंद होती, पण माणूस अनुभवी; त्याने कडा वाकवून बसवली. शेवटची प्लेट ताईंची. टँकरवर ती टिकलीएवढी दिसत होती. तीही त्याने ठोकली आणि हात धुतले.

६. सुनावणी

कार्यालयाचे साहेब मन लावून ऐकतात, असा त्यांचा लौकिक आहे. तो खरा आहे.

"साहेब, माझ्या स्कूटरवर मामांच्या टँकरचा नंबर बसलाय," ताई म्हणाल्या.

"आणि तुमचा नंबर?"

"त्यांच्या टँकरवर."

"म्हणजे हरवलेला नाही." साहेबांना हायसं वाटलं.

"मी काढून देतो," सोबत आलेला भाऊ म्हणाला. "ग्राइंडर आणलाय. तुमचा चहा येईपर्यंत दोन्ही उतरवतो."

"उतरवल्यात तर आत जाल."

"मग तुम्ही उतरवा."

"मग मी जाईन," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दोघांविषयी सारखीच काळजी होती.

मग त्यांनी विषय समजावून सांगितला. प्लेट कार्यालय बनवतं. कार्यालयाची प्लेट चुकत नाही, कारण चुकलेल्या प्लेटसाठी संगणकात जागाच ठेवलेली नाही. गाडी मात्र बाहेर कुठेतरी कारखान्यात बनते, आणि बाहेरच्या मालाची कार्यालय हमी देत नाही. तेव्हा चुकलं असेल तर गाडीचंच काहीतरी चुकलं आहे. नंबर ज्याचा, गाडी त्याची. ताईंचा नंबर टँकरवर आहे, म्हणून टँकर ताईंचा. मामांचा नंबर स्कूटरवर आहे, म्हणून स्कूटर मामांची.

"तुमचा तर फायदाच झाला, ताई," साहेब म्हणाले. "केवढी गाडी मिळाली."

"मला खिडक्यांची मापं घ्यायला जायचं असतं, साहेब."

"मग जा ना. कोण अडवतंय? नंबर तुमचाच आहे."

"आणि मी?" मामा म्हणाला. "लोकांच्या टाक्या काय स्कूटरच्या जाळीत उपसू?"

"क्षमतेसाठी वेगळा अर्ज असतो."

ताई दाराकडे वळल्या. दारात रांग उभी होती. "अहो, तुम्हीच ढकललीत ना स्कूटर? सांगा की साहेबांना."

मोटारमालकांनी रुमालाची घडी घातली. "ताई, खरं सांगू? आमच्या प्लेटा बरोबर आल्यात. आता आम्ही तोंड उघडलं आणि यांनी पुन्हा सगळ्यांच्याच तपासायला घेतल्या, तर?"

हे म्हणणं रांगेला पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. मीही त्या रांगेत होतो आणि मलाही पटलं.

७. नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : माझी गाडी दुसऱ्याकडे गेली आहे. काय करावे?
उत्तर : आपली गाडी आपल्या नंबराखालीच असते. ती कोणती, ते पाहून घ्यावे.

प्रश्न : मला ती चालवता येत नाही.
उत्तर : हा प्रश्न प्लेटविषयी नाही.

प्रश्न : जुनी गाडी माझ्या पायाच्या हिशेबाने बनवलेली होती.
उत्तर : योजनेत पायाचा समावेश नाही.

प्रश्न : मग मी बाहेर कशी पडू?
उत्तर : नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे संपतात.

८. अंमलबजावणी

टँकर भावाने घरी आणला. गल्लीत तो शिरेना, म्हणून तोंडाशीच लावला. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "मोठी माणसं झालात हो. आता आमची ओळख ठेवा." आणि खिडकी लावून घेतली.

एकदा, फक्त एकदा, भावाने काम बुडवून ताईंना टँकरमधून मापाला नेलं. पायरी उंच, त्याने त्यांना खांद्याला धरून वर चढवलं. नव्या घराची मालकीण दारात आली, टँकर पाहिला आणि दार अर्धं लोटलं.

"आमची टाकी भरलेली नाही."

"पडद्यांची मापं घ्यायला आलेय. तुम्हीच बोलावलंत."

मालकिणीने टँकरकडे पाहिलं, मग ताईंच्या हातातल्या टेपकडे. "बरं. पण कापडही यातूनच आणणार का?"

परत येताना ताई म्हणाल्या, "उद्यापासून तू तुझ्या कामावर जा. दुसऱ्याने नेऊन आणायचं तर पहिल्यापासूनच सगळे तयार होते की."

इकडे मामानेही नियम मोडला नाही. बोलावणं आलं की तो स्कूटरवर बसून जायचा, गुडघे कानाशी, टाकीचं झाकण उघडून आत बघायचा आणि सांगायचा, "हो, भरलीय." मग परत यायचा.

९. सार्वजनिक हित

टाकी भरणं ही एक लोकशाही गोष्ट आहे. ती बंगल्याचीही भरते आणि चाळीचीही. प्रथम तळमजले बोलायला लागले, मग वरचे. एके सकाळी अख्खी वस्ती नाकाला रुमाल लावून कार्यालयावर चालून गेली. पुढे पांढऱ्या मोटारीचे मालक होते. जे प्लेटच्या वेळी गप्प होते ते आता इतके मोकळेपणाने बोलले की साहेबांना दोनदा खिडकी बंद करावी लागली, आणि दोनदा उघडावी लागली.

त्याच दुपारी आदेश निघाला. एका ओळीचा. टँकर, त्यावर नंबर कोणताही असो, सार्वजनिक हितास्तव मामांकडे द्यावा. स्कूटर कार्यालयाच्या आवारात जमा करावी. जे तत्त्व पोलादाचं वाटत होतं ते एका ओळीत वाकलं. कुणाचा हात थरथरला नाही.

बातमी कळताच ताई भावाच्या आधाराने कार्यालयात पोचल्या; मागोमाग मामाही आला.

"आता माझी स्कूटर द्या, साहेब."

"अवजड वाहनाचा परवाना आहे?"

"स्कूटरला?"

"कागदोपत्री तो टँकर आहे."

"साहेब, ती बघा, तुमच्या खिडकीतून दिसतेय. बाजूला दोन बारकी चाकं आहेत."

साहेबांनी खरोखर उठून पाहिलं. "दिसतेय," ते म्हणाले. "पण नंबर टँकरचा आहे. परवान्याशिवाय तुमच्या हातात टँकर दिला आणि काही झालं, तर लोक मला विचारतील."

"परवाना माझ्याकडे आहे," मामा म्हणाला. "मला द्या. मी ताईंच्या दारात नेऊन लावतो, पुढचं तुम्ही बघूच नका."

"तुमच्याकडे एक टँकर आहे. दुसरा कशाला?"

भाऊ म्हणाला, "टँकरसाठी नियम सोडलात ना? मग हिच्यासाठीही सोडा. हिचं हित नाही का काही?"

"आहे ना," साहेब म्हणाले. "पण त्याचा वास येत नाही."

यात त्यांनी कुणाचा अपमान केला नाही. व्याख्या सांगितली.

१०. निष्कर्ष

योजना सर्व अर्थांनी यशस्वी झाली. टाक्या उपसल्या गेल्या, रुमाल खिशात गेले, मोटारमालकांचा छोटासा सत्कारही झाला. वाचकांनाही टँकर मामांकडे गेला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं असेल. वाटायलाच हवं. बहुतेक जण गोष्ट तिथेच संपली असं धरतात, आणि आकडेवारीच्या दृष्टीने ते बरोबर आहेत.

ताई सध्या सकाळी कापडाचा गठ्ठा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या असतात आणि येणाऱ्या गाड्यांना हात करतात. मामांचा टँकर दिसला तर तो थांबतो. पण मामा जातो भरलेल्या टाकीकडे, ताईंना जायचं असतं उघड्या खिडकीकडे, आणि हे दोन्ही एका घरात फार वेळा जुळत नाही.

बाकीच्या गाड्यांना नव्या प्लेटा आहेत. मागची प्लेट गाडी पुढे निघून गेल्यावरच दिसते, आणि नव्या प्लेटचा गुण असा की ती नंतरही बराच वेळ दिसत राहते. ताईंचं सगळं वाचून होतं.

परवा तुम्हीही तिथून गेलात. घाईत असाल. काळजी नसावी : तुमची प्लेट त्यांनी नीट पाहिली. अक्षर स्पष्ट आहे, सरळ बसलेली आहे, आणि गाडी तुमचीच आहे.