कौसामावशीचं माप

कौसामावशीच्या दुकानासमोरून जाणारी बाई सुटत नसे. तिला आत बोलावून मावशी चौकटीला पाठ लावून उभी करायची, कानामागची पेन्सिल काढायची, चौकटीवर एक रेघ ओढायची आणि म्हणायची, "हां. जा आता." दुकान मुदखेडात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर. माल म्हणाल तर बांबू, सुतळी, मडकी, कोरं कापड आणि गोवऱ्या. अंत्यविधीचं सामान विकणारी बाई माप घेते म्हटल्यावर लोक काय समजायचं ते समजले. कित्येक जणी वळसा घालून पलीकडच्या गल्लीनं जात. मी मात्र शाळेत असल्यापासून दर दिवाळीला चौकटीला पाठ लावायची. मला एकच कळायचं नाही. मावशीची रेघ डोक्यापाशी नसे, खांद्यापाशी असे. हिला उंची मोजताच येत नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

मावशी निमलष्करी दलात हवालदार होती. नवरा, मूलबाळ नाही; सख्खा म्हणावा असा लातूरचा एक भाचा, तो मास्तर. निवृत्त होऊन गावी आली आणि तिनं हे दुकान टाकलं. नुसतं सामान विकून ती थांबत नसे. तिरडी स्वतः बांधायची, सरण रचून घ्यायची, पुढं चालायची. बाईनं मसणात जायचं नाही, कारण बाईचं काळीज कच्चं, असं आपल्याकडं सांगतात. गोळीबारात उभं राहिलेल्या बाईला हे सांगायला गेलेल्या एका बुजुर्गाला तिनं शांतपणे मडकं धरायला दिलं आणि कामाला लावलं.

कुणाच्याही अंगणात रडारड चालू असली, तरी मावशी पुरुषांची रांग लावायची. "लंबा दाहिने, छोटा बाएँ, चला." खांदेकरी कमीजास्त उंचीचे असले की तिरडी कलते, ते तिला खपत नसे. "जित्या माणसाला कुणी सरळ चालू दिलं न्हाई," ती म्हणायची, "मेल्यावर तरी सरळ न्या."

एकदा एका घरचा म्हातारा गेला. त्याच्या दोन पोरांचं बांधावरून भांडण, वर्षानुवर्षं बोलणं बंद. मावशीनं रांग लावली तर दोघे भाऊ नेमके एका मापाचे निघाले. दोघांनाही पुढं घेतलं. थोरला म्हणाला, मी ह्याच्या बाजूला उभा राहणार नाही.

"मग बापाला तिरका न्यायचा का?"

गेले बिचारे, खांद्याला खांदा लावून. मी नंतर विचारलं, बोलले का गं एकमेकांशी? ती म्हणाली, ते माझ्याकडं न्हाई. तिरडी सरळ गेली का, एवढं विचार.

मला ती पत्रकबाई म्हणायची. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता. संपाची, मोर्चाची, सभेची पत्रकं तिथंच निघत आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर मी मुळाक्षरं गिरवली. तेव्हा बायकांनी खांदा दिलाच पाहिजे, असं एक जळजळीत पत्रक मी लिहिलं यात नवल नाही. पहिली प्रत मावशीला दिली. तिनं उभ्या उभ्या वाचली, घडी घातली.

"ब्येस लिवलंयस. पण कागद खांद्याला येत न्हाई." मग म्हणाली, "तुझा आजा गेला तवा तू कुठवर आलतीस?"

मी गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले होते. तिथं बायका थांबतात. मीही थांबले होते आणि घरी येऊन लेख लिहिला होता.

त्या दिवशी तिनं एकदाच तिची गोष्ट सांगितली. तिच्या तुकडीत देवणीकडची एक पोरगी होती. ती नोकरीवर असताना गेली. मावशी आणि तिघी मिळून तिला घरी घेऊन आल्या. रस्ताभर शवपेटीला त्यांचेच हात होते. गावाच्या वेशीपाशी लोक पुढं आले आणि म्हणाले, बायका इथवरच. मावशीनं वेशीतूनच सलाम केला. "चार चांगले खांदे होते आमचे," ती म्हणाली. "एका मापाचे." आणि उठून सुतळी गुंडाळायला लागली.

गेल्या हिवाळ्यात चार दिवसांच्या तापात मावशी गेली. भाचा लातूरहून आला. गल्लीतले पुरुष जमले, उंच-बुटके जसे आले तसे उभे राहिले. त्यांची रांग लावायला कुणी नव्हतं. भाच्यानं बांबू काढायला दुकान उघडलं, तर दाराआड एक तिरडी बांधूनच ठेवलेली. सुतळीत एक कागद खोचलेला. मास्तरच तो; त्यानं हजेरी घ्यावी तसा मोठ्यानं वाचला.

"माझ्यासाठी. पुढं शकुंतला भाजीवाली आणि नसीम शिंपीण. मागं लक्ष्मी शिपाईण आणि पत्रकबाई. खांदा सव्वाचार फूट."

माझ्या नावापुढं जास्त लिहिलं होतं. आधी "लहान हाय". ते खोडून "वाढून राहिली". तेही खोडून "अर्धा इंच कमी, थांबावं". सगळ्यांत शेवटी, वेगळ्या शाईत, "झाली".

मी चौकटीकडं पाहिलं. साऱ्या गल्लीच्या खांद्यांच्या रेघा होत्या तिथं. आम्ही समजत होतो, ही आमच्या मरणाचं माप घेते. ती स्वतःसाठी माणसं शोधत होती, आणि चौथ्या माणसाची उंची पुरेपर्यंत थांबली होती.

एक जण म्हणाला, असं कुठं असतं का. भाच्यानं कागद खिशात ठेवला आणि वाट दिली. नसीमनं गळ्यातली टेप काढून कट्ट्यावर ठेवली, ओढणीची घडी करून खांद्यावर घेतली. शकुंतलाकाकूनं भाजी विकायच्या त्या खणखणीत आवाजात विचारलं, "उचलायची ना?"

उचलली. तिरडी कुठंच कलली नाही.

गल्लीचा कोपरा आला. कुणी काही म्हणालं नाही, पण माझा पाय आपोआप थांबला. पुढच्या दोघी थांबल्या नव्हत्या. खांद्यावरच्या बांबूनं मला ओढलं. माझं पाऊल चुकलं होतं, ते बदलून मी त्यांच्या पावलाला पाऊल मिळवलं.