शेजार चषकातला शेवटचा गोल

जावईबापूंनी छाती ठोकून सांगितलं, "बाबा, तुमच्यावरचा डाग मी धुऊन काढणार!" आणि सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

जावईबापू फुटबॉल संघटनेच्या कचेरीत बसून शेजार चषकाचा इतिहास लिहीत होते. शेजारपाजारच्या देशांची ती स्पर्धा. पुढे देशांचंच आपसात फाटलं आणि ती कायमची बंद पडली. शेवटच्या अंतिम सामन्यात आपले गोलकीपर होते सासरे! एकाच गोलने हरले, आणि भरपाई करायला पुढचा चषक कधी आलाच नाही. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद होतं, "चेंडू मी रेषेवरच धरला होता. पंच आंधळा!"

आता कचेरीच्या माळ्यावर एक जुना प्रोजेक्टर सापडला होता, आत त्याच सामन्याची फिल्म चढवलेली!

"आधी चालवून तरी बघा," सासूबाई म्हणाल्या.

"कशाला? सगळ्यांसमोरच दूध का दूध, पाणी का पाणी होऊ दे! पंचांनाही बोलावलंय!"

"कशाला उगाच..." सासरे पुटपुटले, पण ऐकतो कोण!

संध्याकाळी भिंतीवर चादर लागली. म्हातारे पंच काठी टेकत आले. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. जावईबापूंनी खटका दाबला. प्रोजेक्टर दमेकऱ्यासारखा खोकला, आणि चादरीवर चेंडू जाळ्याकडून सुसाट बाहेर आला, सासऱ्यांच्या हातांवरून थेट मैदानात!

"बाहेर! बाहेर!" जावईबापू खुर्चीवरच चढले.

पंच काठी सावरत उठले. "चुकलो हो मी. एवढी वर्षं तुम्हाला उगाच..." सासऱ्यांनी मान खाली घातली.

"ते सगळं खरं," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "पण ही माणसं पाठमोरी का पळताहेत?"

जावईबापू खुर्चीवरून खाली उतरले. फिल्म शेवटापासून उलटी चालली होती! म्हणजे चेंडू जाळ्यात गेला होता, तोही चांगला आतपर्यंत. पंच मटकन खाली बसले.

"थांबा, आत्ता सरळ करतो!"

सासऱ्यांनी जावईबापूंचं मनगट घट्ट धरलं. "सरळ नको. सरळ मला रोज दिसते. पुन्हा अशीच लावा."

"पण बाबा," जावईबापू रडकुंडीला आले, "पुन्हा उलटी दाखवायची तर आधी एकदा सरळच चालवावी लागते हो!"

पंचांनी आपली खुर्ची सासऱ्यांजवळ ओढली.

"मिटा डोळे," ते म्हणाले. "गोल झाला की मी सांगतो."