बारा मेणबत्त्या, एक फुंकर

"आमच्या घराण्यात छातीचं दुखणंच न्हाई!" नांदेडच्या दवाखान्यात बसल्या बसल्या लोह्याच्या रामकिशन गुरुजींनी तिसऱ्यांदा जाहीर केलं. "एका फुंकेत मशीन उडवती की न्हाई, बघा!"

उडवणारी म्हणजे त्यांची सहा वर्षांची नात ऋतुजा. तिला मधूनच दम लागायचा. फुप्फुसाचा रिपोर्ट चांगला आला तरच डॉक्टर तिला शाळेच्या शर्यतीत धावू देणार होते. शर्यत परवावर आली होती.

तपासणाऱ्या पुनम मॅडमनी तिच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली. पडद्यावर बारा मेणबत्त्या पेटल्या.

"छाती भरून श्वास घे अन् विझव सगळ्या!"

ऋतुजानं बशीतल्या चहावर घालावी तेवढीच फुंकर घातली. एकही ज्योत हलली नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर तिनं नळी काढून पडद्याला नमस्कार केला!

"मशीन बिघडलंय तुमचं!" गुरुजी कडाडले.

"मशीन चांगलं हाय, गुरुजी. पोरगीच फुंकून न्हाई राहिली."

"का गं? फुंक की!"

चिमट्यातल्या नाकानं ऋतुजा गेंगाणली, "दिवा फुंकू न्हाई. तुम्हीच सांगितलं की, आबा!"

तिच्या वाढदिवसाला गुरुजींनीच केकवरची मेणबत्ती उपटली होती. वर पन्नास पाहुण्यांसमोर असं व्याख्यान झोडलं की केक वितळला, पण व्याख्यान संपेना!

"दुसरं चित्र लावा!"

मॅडमनी लावलं. आता फुंकलं की लांडगा डुकराचं घर पाडणार होता.

"लोकाचं घर पाडायचं? हे शिकवून राहिलात लेकरायला? तक्रार करतो मी!"

"मग मेणबत्त्याच. न्हाईतर पुढच्या महिन्यात या."

पुढच्या महिन्यात त्या रिपोर्टचं काय लोणचं घालायचं? गुरुजी खाली वाकले. "बाळा, हा खोटा दिवा हाय."

"मग आधी तुम्ही फुंका."

दारातून रांगेतले आईबाप डोकावू लागले. मॅडमनी नवी नळी पुढे केली. गुरुजींनी टोपी सारखी केली, मनात देवाची माफी मागितली आणि सारा जीव एकवटून फुंकलं.

"चारच!" ऋतुजा ओरडली. मग तिनं नळी धरली आणि बाराच्या बारा विझवल्या! रिपोर्ट उत्तम निघाला. धावायला परवानगी मिळाली.

संध्याकाळी आजी तारामतीबाईंनी देवापुढे दिवा लावला, हात जोडले, डोळे मिटले.

फू!

"आबा, एका फुंकेत!"

"अगं बया! हे कुणी शिकवलं तुला?"

गुरुजी लगबगीनं काड्यापेटी शोधायला अंगणात निघाले. काड्यापेटी देवापाशीच होती.