पाणी, वय वर्षे एक

त्या रुग्णालयात एक तारखेपासून असा नियम लागू झाला, की नाव, वय आणि नोंदणी क्रमांक नसलेली कोणतीही नळी पीसीआरच्या यंत्रात जाणार नाही. नियमाला कारणही तसंच गंभीर होतं. रोज यंत्रात जाणाऱ्या नळ्यांपैकी एक नळी बेवारस असते, असं तपासणी पथकाच्या निदर्शनास आलं होतं.

ती नळी पाण्याची होती. पीसीआरच्या खोलीत बारा वर्षं काढलेल्या तंत्रज्ञ बाईंनी अधीक्षकांना हे बैजवार समजावून सांगितलं. यंत्र जंतूचा एवढासा कण हुडकतं आणि त्याच्या कोट्यवधी नकला काढतं. म्हणून दर खेपेला एका नळीत नुसतं शुद्ध पाणी ठेवायचं. पाण्यात काही सापडलं नाही, तर बाकीचे निकाल खरे. पाण्यातच जंतू निघाला, तर कुठेतरी कोणाचा तरी हात बरबटलेला आहे असं समजायचं आणि अख्खी खेप फेकून द्यायची.

"ते सगळं ठीक आहे," अधीक्षक म्हणाले. "पण यात पेशंट कोण?"

"कोणीच नाही साहेब. पाणी आहे ते."

"मग पाण्याची नोंदणी करा. मी कुठे नाही म्हणतोय?"

बाईंनी कपाळाला हात लावला आणि नोंदणी केली. नाव, पाणी. वयाच्या रकान्यात शून्य चालेना, म्हणून एक. तक्रारीचा रकाना रिकामा ठेवता येईना, म्हणून यादीतली पहिलीच तक्रार घातली, अशक्तपणा. जवळचे नातेवाईक म्हणून स्वतःचं नाव लिहून त्या मोकळ्या झाल्या.

त्याच सकाळी घड्याळवाल्यांचा नमुना आला. तीस वर्षं चौकातल्या दुकानात बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस पाच महिन्यांत वाळून निम्मा झाला होता. सांधे सुजलेले, पोटात अन्न ठरत नव्हतं. कोणी म्हणालं वय झालं, कोणी म्हणालं गॅस, एका विद्वानाने तर 'मन रमवा' असं चिठ्ठीवर लिहून दिलं. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांना लाखात एखाद्यालाच गाठणाऱ्या जंतूचा संशय आला. जंतू सापडला तर त्यावर औषध होतं, आणि औषध मिळालं तर माणूस जगणार होता.

"ताई, आजच कळेल ना हो?" घड्याळवाल्यांची बायको खिडकीशी येऊन म्हणाली. "बघवत नाही आता त्यांच्याकडे."

"संध्याकाळी सांगते मावशी. मी आहे ना."

पण नव्या नियमाप्रमाणे नळ्यांची प्रत्यक्ष पडताळणी व्हायची होती. पडताळणी कारकुनाने एकेक झाकण उघडून, आत बोट घालून पेशंट हजर असल्याची खात्री करून घेतली. आधी घड्याळवाल्यांची नळी, मग पाण्याची. हातमोजा तोच, कारण तो बदलावा असं परिपत्रकात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

संध्याकाळी दोन्ही नळ्यांत जंतू निघाला.

"खेप रद्द," बाई म्हणाल्या. "नमुना शिल्लक आहे. सकाळी परत लावते."

"दोन-दोन पेशंट पॉझिटिव्ह आलेत आणि तुम्ही रिपोर्ट फेकायला निघालात?" अधीक्षक कडाडले. "बाई, ही साथ आहे साथ!"

साथ म्हटल्यावर चौकशी समिती आलीच. समितीने मावशींना समोर बसवून विचारलं, "तुमच्या यजमानांचा पाण्याशी कधी संबंध आला होता का?"

"म्हणजे काय? रोज आंघोळ करतात की!"

'निकट सहवास', समितीने लिहून घेतलं.

विलगीकरणात खाट एकच होती आणि औषधही एकापुरतंच. पाण्याची नोंदणी नऊ वाजून पाच मिनिटांची, घड्याळवाल्यांची नऊ चाळीसची. कोणावर अन्याय नको, म्हणून खाट पाण्याला मिळाली. नळी उशीवर ठेवून वर चादर घातली गेली. सिस्टर सकाळ-संध्याकाळ नळीत इंजेक्शन सोडू लागल्या. नळी भरली तेव्हा पेशंटला बाटलीत हलवलं आणि तक्त्यावर 'वजन वाढत आहे' असा समाधानकारक शेरा पडला. घड्याळवाले बाहेर बाकावर, हातात नंबराचा कागद धरून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांना बसवेना, तेव्हा मावशींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, पाण्याला कधी रोग होतो का? बाहेर माणूस मरतोय साहेब! लाज वाटत नाही?"

"भावना समजू शकतो," अधीक्षक म्हणाले. "'पाणी हा पेशंट नाही' अशा अर्जावर दोन नागरिकांच्या सह्या आणा. उरलेलं औषध आत्ताच्या आत्ता बाकावर पाठवतो. तुमची किंवा बाकावरच्या त्या बाईंची सही मात्र चालणार नाही. तुम्ही दोघी नातेवाईक आहात."

दोनच सह्या. बाहेर रांगेत चाळीस माणसं उभी होती. बाई अर्ज घेऊन धावतच गेल्या.

नवव्या नंबरवर तुम्ही होतात. अर्ज तुम्ही शेवटपर्यंत वाचलात. पोट धरून हसलात, "काय एकेक डोकी भरलीत हो इथे!" म्हणालात, मागच्यालाही वाचून दाखवलात. बाईंनी पेन पुढे केलं, तेव्हा मात्र तुम्हाला एकदम आठवलं, की आपला कागद अजून आतच आहे आणि उगाच कोणाच्या डोळ्यावर यायचं कशाला. "मागे विचारा ना," तुम्ही म्हणालात. मागच्यांनीही तेच म्हटलं.

दुपारी घड्याळवाले बाकावरच गेले. मावशींनी त्यांच्या मुठीतला नंबर सोडवून खिडकीत परत केला, तसा नियमच होता. त्यामुळे तुमचा नंबर एकाने लवकर लागला, आणि घरी येऊन पंख्याखाली बसत तुम्ही म्हणालात, "आज बरं पटकन काम झालं!"