माईंचा खांब

"एक खांब आमच्या फाटकाशी लागेल, आणि त्याचा सगळा खर्च आम्ही देऊ! तुमची वर्गणी तुम्ही गोळा करत बसा!"

वसाहतीच्या सभेत माई कडाडल्या आणि सेक्रेटरींचा कप ओठाशीच थांबला. रस्त्यावरच्या नव्या दिव्यांचे पैसे कुणी द्यायचे यावरून सभांमागून सभा चालल्या होत्या. दिवे सगळ्यांनाच हवे होते, पण पाकिटं मात्र माहेरी गेलेल्या सुनेसारखी खिशाबाहेर यायचं नावच घेत नव्हती!

खरं कारण वेगळंच होतं. अंधारलं की आबांना फाटकाजवळची पायरी दिसत नसे. फिरून येताना परवाच ठेचकाळले आणि गुडघा सोलवटून घेतला. पण नवऱ्याच्या काळजीने हात सैल सोडला, असं चारचौघांत कळलं तर घरातल्या चहातली साखरसुद्धा बंद करणाऱ्या माईंचा दरारा काय राहिला असता?

शिवाय ती समोरची! माईंचा नवा सोफा बघून "बसायला बरा आहे" म्हणाली होती. बरा? तेव्हापासून अबोला. आता तिचे डोळे दिपवायचेच, असं माईंनी ठरवलं.

वायरमन आला. माईंनी फाटकाला चिकटून खडूने फुली मारली.

"मावशी, दिवा वर दांडीने पुढे रस्त्यावर येतो. आणि तुमचा हा फाटकावरचा छज्जा..."

"छज्ज्याला नावं ठेवू नकोस! आख्ख्या गल्लीत एवढा रुंद छज्जा नाही. तू खड्डा खण!"

त्याने निमूट खणला.

दिवे लागायच्या संध्याकाळी आबा फिरायला निघाले, तेव्हा माईंनी त्यांना बजावलं, "आज डोळे मिटून या. उजेड दिसला की आपलं दार!"

दिवा लागला. लख्ख! समोरचीचं दार, तिची पायरी, पायरीवरचा तांब्या, सगळं चांदीसारखं झगमगलं. आणि माईंच्या फाटकावर पसरली त्यांच्याच छज्ज्याची सावली, कढईच्या बुडासारखी काळीकुट्ट!

"आई," सूनबाई हळूच म्हणाली, "ते दिव्याखाली म्हणतात ना..."

"म्हण पुढे! म्हणून तर बघ!"

सूनबाई पदर तोंडात कोंबून आत पळाली.

फिरून यायची वेळ टळली तरी आबांचा पत्ता नाही. बॅटरी घेऊन माई पायरीपर्यंत गेल्या. कुणी पडलेलं नव्हतं. मग कोपऱ्यापर्यंत गेल्या. तिथेही कुणी नाही. परत येतायत तोच समोरचीच्या उघड्या दारातून ओळखीचा आवाज आला.

"वा! आज कितीतरी दिवसांनी चहा चहासारखा झालाय!"

अबोला गेला खड्ड्यात! माई तडक आत शिरल्या. आबा समोरचीच्या खुर्चीत चपला काढून ऐसपैस बसलेले, चहा बशीत ओतून फुर्र फुर्र चाललेलं.

"अहो! हे आपलं घर आहे का?"

"उजेड दिसला की आपलं दार, असं तूच म्हणालीस ना?"

समोरची हसू दाबत म्हणाली, "वहिनी, उजेडही तुम्हीच पाठवलात, भावजीही तुम्हीच. बसा ना, चहा टाकते. खुर्ची बसायला बरी आहे."

माईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग बसल्या. आबांचा गुडघा शाबूत होता, एवढं त्यांनी आधी बघून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी माईंनी छज्जा उतरवून घेतला. संध्याकाळी पायरी अशी उजळली की तिच्यावरच्या मुंग्या मोजाव्यात! माई फाटकात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आबा आले, पायरीपाशी थांबले, कौतुकाने पाहिलं, आणि सरळ समोरच्या घराकडे वळले!

"अहो, आता तरी दिसतंय ना आपलं दार?"

"लख्ख दिसतंय गं! पायरीसुद्धा. पण साखर समोर घालतात!"

तेव्हापासून माई रोज संध्याकाळी आबांना 'आणायला' समोर जातात. चहा बिनसाखरेचाच घेतात. दुसरा कप मात्र, लक्ष ठेवायचं म्हणून, आबांच्या कपासारखाच!